चाळीस दिवस हसायचं नाही

शाळेत प्रार्थनेच्या वेळी "हसू नका रे" असं बजावलं की सगळा वर्ग हमखास हसतो. मी नाशिकला महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे हे मला चांगलं ठाऊक. पण मोठ्या माणसांचंही तसंच होतं, हे मला आमच्या चर्चच्या मराठी कॉयरनं, म्हणजे गायकवृंदानं शिकवलं.

आमच्याकडे ईस्टरच्या, म्हणजे येशू मरणातून उठला त्या रविवारच्या आधी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. उपवास, प्रार्थना, पश्चात्ताप. वेदीवर फुलं नाहीत, लग्नाचे बँडबाजे नाहीत, गाण्यात "आलेलूया" हा आनंदाचा शब्दसुद्धा नाही. आणि नेमक्या याच चाळीस दिवसांत आमच्याकडे जे काय घडायचं ते वर्षभर पुरायचं! नाताळचा एकही किस्सा मला आठवत नाही. नाताळात हसायला परवानगी असते ना.

कॉयर म्हणजे काय, तर मार्थाताई मुख्य आवाज. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. तबल्यावर शांतवनकाका, एसटीत ड्रायव्हर. कीबोर्डवर गोव्याचा लॉरेन्स. पेटीवर मी. बाकी कोरसला येतील ते. आणि आमच्या डोक्यावर फादर सिल्वेस्टर. मूळचे मंगळूरकडचे, नाशिकला आल्यावर मराठी शिकले. शिकले म्हणजे, शिकत होते.

*

पहिला मान फादरांचाच.

पापांची कबुली देण्याच्या विधीला मराठीत आम्ही पापनिवेदन म्हणतो. फादरांचा तो पहिलाच प्रायश्चित्तकाळ. रविवारी मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, संपताना ते सूचना द्यायला उभे राहिले. कागद न घेता, तोंडपाठ, मोठ्या आत्मविश्वासानं.

"येत्या शनिवारी चार ते सहा पापनियोजन होईल. नवरा-बायकोनं शक्यतो जोडीनं यावं!"

त्या काळात दर दुसऱ्या भिंतीवर कुटुंबनियोजनाची लाल त्रिकोणाची जाहिरात असायची. फादरांनी मराठी वाचन त्याच भिंतींवर केलेलं असणार. लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मग मार्थाताईंचे खांदे हलायला लागले. त्या हलल्या तसं बाकडं हललं, बाकडं हललं तसं आख्खं कोरस.

मागून शांतवनकाका हळूच म्हणाले, "आता नियोजन करून काय उपयोग? करायची ती करून झाली."

मिस्सा संपल्यावर फादरांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षिका ना मी! घाबरत घाबरत सांगितलं. वाटलं, आता हे रागावणार, नाहीतर मराठी बोलणंच सोडून देणार. ते कानापर्यंत लाल झाले, मग एकदम खदखदून हसले. माझा जीव भांड्यात पडला.

त्या शनिवारी रांग फाटकापर्यंत गेली. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसंसुद्धा त्या रांगेत दिसली. गंमत बघायला आली असतील, पण गुडघे टेकूनच परत गेली.

आणि पुढच्या रविवारी फादर म्हणाले, "मागच्या वेळी माझं चुकलं. नियोजन नाही, निवेदन. नियोजनात मी तुम्हाला काय मदत करणार? त्यात तुम्ही तयार आहात!"

*

राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो. सकाळच्या मिस्साला फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेनं क्रूस काढतात. त्या दिवशी कडक उपवास. एकदाच पोटभर जेवायचं, बाकी नावाला दोन घास.

एका वर्षी राखेचा बुधवार आणि महाशिवरात्र एकाच दिवशी आली. शांतवनकाकांची ड्यूटी नेमकी त्र्यंबकच्या जादा गाडीवर! कपाळाला राख लावून काका तसेच डेपोत गेले. डोक्यावर टोपी घातली, काढली, घाम पुसला. क्रूसाचे झाले तीन आडवे पट्टे.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिनाच्या बॉनेटवर एक म्हातारी बसली होती. काकांच्या कपाळाकडे बघून तिनं हातच जोडले.

"डायव्हरसाहेब, तुमची तं पूजा पहाटंच उरकली जनू!"

"हो आजी, सहालाच झाली," काका म्हणाले. खोटं थोडंच होतं?

"आन उपास?"

"कडक."

म्हातारीला इतकं कौतुक वाटलं की त्र्यंबकला गाडी थांबल्या थांबल्या तिनं डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला रताळ्याच्या काचऱ्या. "घे रे बाबा, उपासाचीच हाय."

संध्याकाळी काका प्रॅक्टिसला आले ते चेहरा पाडून. आधी फादरांना गाठलं.

"फादर, त्यांच्या उपवासाचं आपल्या उपवासात चालतं का?"

फादर म्हणाले, "प्रेमानं दिलं, तुम्ही घेतलं. त्यात काय पाप? किती खाल्ली?"

"तीनदा मागून घेतली."

"मग शांतवन," फादर म्हणाले, "हा उपवास त्यांच्यातही चालत नाही!"

*

चर्चला फुलं हौसाबाई द्यायच्या. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता; आमच्या रीतीभाती त्यांना नवीन. दर शनिवारी निशिगंध, शेवंती, झेंडू, जे निघेल ते टोपलीभर घेऊन यायच्या. वेदी सजवायचं काम मार्थाताईंकडे नवीनच आलं होतं. त्यांनी घाईघाईत सांगून टाकलं, "मावशी, आता सहा आठवडे फुलं नकोत हं." आणि ड्यूटीला पळाल्या.

हौसाबाईंची रात्रीची झोप उडाली. सहा आठवडे? आपलं काय चुकलं? मागच्या वेळी शेवंती जरा शिळी होती, तिचा राग आला की काय? की दुसरा कोणी गाठला यांनी? दोन दिवसांनी नवऱ्याला घेऊन त्या फादरांसमोर हजर. नवरा टोपी हातात घेऊन उभा. "फादर, काय कमी-जास्त झालं आसंल तं बोला. पन फुलं बंद करू नका."

फादर गडबडले. "नाही हो, तुमची फुलं छान आहेत! हा आमचा दुःखाचा काळ आहे. दुःखात आम्ही फुलं लावत नाही."

"आसं व्हय!" हौसाबाईंचा चेहरा उजळला, आणि लगेच गंभीर झाला. पदर सावरून त्या निघून गेल्या.

शनिवारी आम्ही गाण्याची प्रॅक्टिस करतोय, तर हौसाबाई दारात. सोबत मळ्याकडच्या चार बायका. सगळ्यांचे पदर डोक्यावर, आणि हौसाबाईंच्या हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी! दुःख झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी न्यायची असते तशी.

फादरांच्या पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवून हौसाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "कोन वारलं?"

फादरांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही जमिनीकडे. शेवटी त्यांनी सरळ क्रूसाकडे हात केला. "हे."

"आगं बाई! कधी?"

"झाली की दोन हजार वर्षं."

हौसाबाईंनी क्रूसाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आन आजून पाळता तुम्ही? लय जीव व्हता म्हनायचा एकमेकावर!"

हसू आवरायला खाली घातलेल्या माना आमच्या तशाच खाली राहिल्या. फादर त्यानंतर कितीतरी प्रायश्चित्तकाळ प्रवचनं देत राहिले, पण एवढं नेमकं वाक्य त्यांना काही सापडलं नाही. हे तेच म्हणायचे.

पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली. लॉरेन्सनं ठेच्यासाठी विचारलं, तेव्हा मार्थाताईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

*

लॉरेन्सचं प्रायश्चित्त म्हणजे एक वेगळंच प्रकरण. या काळात प्रत्येकानं आपली आवडती एखादी गोष्ट सोडायची असते. कोणी मटण सोडतं, कोणी टीव्ही. लॉरेन्स दिवसाला सात-आठ कप चहा प्यायचा. एका वर्षी त्यानं जाहीर केलं, "ह्या फावटी, ह्या खेपेला, चहा बंद!"

पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मुलांवर ओरडला. तिसऱ्या दिवशी मांजरावर. आठवडाभरात शेजारी दुधाची पिशवी द्यायला यायचे ते दारातच ठेवून पळायचे. प्रॅक्टिसला तर त्यानं माझ्या पेटीच्या सुरावरून असा काही तमाशा केला की मी पेटीचं झाकण बंद करून घरी गेले.

शेवटी त्याची बायको थेट फादरांकडे आली. "फादर, ह्यांना चहा प्यायला सांगा."

फादर म्हणाले, "ताई, त्यांनी प्रायश्चित्त घेतलंय. ते कसं मोडायचं?"

"फादर," ती म्हणाली, "प्रायश्चित्त त्यांचं कुठाय? ते आमचं चाललंय!"

त्याच संध्याकाळी फादरांनी लॉरेन्सला बोलावून स्वतःच्या हातानं चहा करून दिला. आलं घालून. लॉरेन्स तो कप दोन्ही हातांत धरून इतका गहिवरला, की आम्हाला वाटलं आता हा रडतो. दुसऱ्या दिवशी माझी पेटी एकदम सुरात होती!

*

मार्थाताईंचा आवाज असा, की माईक बंद असला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. पण सवय वाईट. वर्षभर शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या वाचनाच्या आधी "आलेलूया" म्हणायची सवय. प्रायश्चित्तकाळात तो शब्द बंद. त्याऐवजी दुसरं साधं ध्रुवपद.

पहिला रविवार. चर्च गच्च भरलेलं. फादर उठले, मी पेटीवर सूर दिला, आणि मार्थाताईंनी डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आलेऽऽऽ"

माझी बोटं थिजली. शांतवनकाकांचा हात तबल्यावर अधांतरी. फादर वळून बघायला लागले. मार्थाताईंचे डोळे उघडले, मोठे झाले. "ले"वरची ती तान त्यांनी लांबवली. आणखी लांबवली. श्वास संपत आला. तोंडातून निघालेलं "आले" परत गिळता येत नव्हतं, आणि पुढचं "लूया" म्हणता येत नव्हतं.

"आलेऽऽऽ... आले शरण तुला, प्रभो, मी आले!"

काकांनी त्या क्षणी तबल्यावर अशी काही थाप मारली, जणू महिनाभर हेच बसवत होतो! लॉरेन्सनं कॉर्ड दिला. मार्थाताईंनी तीच ओळ फिरवून फिरवून तीनदा म्हटली. तिसऱ्या वेळेला लोकांनीही धरली.

बाहेर आल्यावर मार्थाताईंनी माझा दंड धरला. "फादर काय म्हणतील गं?" एवढंच त्या विचारत होत्या. तेवढ्यात फादर आलेच.

"मार्थाताई, नवीन गाणं फार छान. पश्चात्तापाचा भाव अगदी आतून आला!"

"आतूनच आला, फादर," मार्थाताई म्हणाल्या. "अगदी पोटातून."

ते गाणं आम्ही पुढे दर वर्षी म्हटलं. चाल कोणाची, असं लोक अजून विचारतात.

*

शेवटच्या दोन आठवड्यांत चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकायची पद्धत आहे. आमच्याकडची कापडं विरली होती, म्हणून लॉरेन्स आणि मी मेनरोडला गेलो. दुकानदार जांभळ्या रंगाचे तागेच्या तागे उलगडत होता.

"वहिनी, परकराला हवंय?"

"नाही," मी म्हटलं. "मूर्ती झाकायला."

त्यानं तागा हातातच धरला. "म्हणजे तुमच्याकडेही आचारसंहिता लागली का?"

लोकसभेचं वातावरण होतं. पण खरी मजा नंतर झाली. पुढाऱ्यांचे बोर्ड आणि नावाच्या पाट्या झाकत फिरणारी निवडणुकीची जीप आमच्या फाटकाशी थांबली. पाणी प्यायला एक तरुण क्लार्क आत आला. दार उघडं होतं. आत बघतो तर रांगेनं सगळं जांभळ्या कापडात गुंडाळलेलं! तो धावतच फादरांकडे गेला.

"अहो फादर, एवढा त्रास कशाला घेतला? आम्ही फक्त उमेदवारांचे झाकतो. तुमचे कुठे उभे आहेत?"

*

हा किस्सा सांगताना मला अजूनही आधी भीतीच आठवते.

प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट असते. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा चित्रं भिंतींवर लावलेली. एकेका चित्रापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, उठायचं, पुढे जायचं. मार्थाताईंचे सासरे लुकासबाबा ऐंशीच्या पुढचे. घरचे म्हणायचे, बाकावर बसून करा. ते ऐकत नसत.

त्या शुक्रवारी आम्ही नवव्या चित्रापाशी होतो. येशू तिसऱ्यांदा पडतो, ते चित्र. सगळ्यांनी गुडघे टेकले, सगळे उठले, गाणं म्हणत पुढे गेले. दहाव्यापाशी मार्थाताईंनी मागे बघितलं, आणि गाणं थांबलं.

लुकासबाबा तिथेच होते. गुडघ्यांवर. मान खाली, कपाळ भिंतीला टेकलेलं. हालचाल नाही.

मार्थाताई धावल्या. कॉयरची बाई संपली, सिस्टर सुरू झाली. मनगट धरलं, नाडी बघायला लागल्या. आम्ही भोवती गोळा. फादरांनी खिशातली तेलाची कुपी काढली होती. आजाऱ्याला, मरणाऱ्याला लावतात ती.

"मामा," मार्थाताई म्हणाल्या. "मामा, ऐकू येतंय का?"

लुकासबाबांनी एक डोळा उघडला.

"ऐकू यायला काय झालंय? गुडघा धरलाय." मग वरच्या चित्राकडे बोट केलं. "तो तीनदा पडला, तीनदा उठला. मला एकदाच उठवा म्हटलं, तर तुम्ही गात गात पुढे निघून गेलात!"

मार्थाताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. फादरांनी कुपी गुपचूप खिशात घातली. मग कॉयरमधल्या दोघांनी दोन्हीकडून धरून लुकासबाबांना उरलेली वाट पूर्ण करून आणली. गुडघे मात्र त्यांच्या वतीनं शांतवनकाकांनी टेकले.

*

आता शेवटचा. गुड फ्रायडेचा.

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता येशूच्या दुःखसहनाची कथा वाचतात. पात्रं वाटून घेतात. येशूचे शब्द फादर वाचायचे, निवेदन मी करायची, आणि रोमन सुभेदार पिलात वाचायचे भालेराव. भालेराव पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. भरघोस मिशा, ताठ पाठ, आणि आवाज असा की पिलातानं स्वतः ऐकला असता तर राजीनामा दिला असता. गर्दीचे शब्द सगळ्या लोकांनी मिळून म्हणायचे.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. शेजारच्या धर्मभगिनींच्या, म्हणजे चर्चच्या सिस्टरांच्या होस्टेलात दिंडोरीकडची एक बाई आपल्या मुलीला सुट्टीसाठी न्यायला आली होती. द्राक्षाच्या बागेत मजुरी करणारी. मुलीचं आवरायचं होतं, म्हणून सिस्टर म्हणाल्या, सावलीला आत बसा. ती शेवटच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. चर्चमध्ये ती पहिल्यांदाच आली होती. कथाही पहिल्यांदाच ऐकत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

येशूला पकडलं. मारलं. पिलातापुढे उभं केलं. भालेरावांनी घसा खाकरला आणि चर्चभर आवाज घुमला, "मी याची चौकशी केली. मला याचा काहीएक गुन्हा दिसत नाही. सांगा, याला सोडून देऊ का?"

इथे लोकांनी ओरडायचं असतं, "त्याला क्रूसावर खिळा!"

लोकांनी श्वास घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सोडा की, सायब!"

सगळ्या माना वळल्या. ती बाई उभी राहिली होती. गाठोडं छातीशी धरलेलं.

"तुम्हीच म्हनले ना आत्ता, त्याचा गुन्हा नाय म्हनून? मंग सोडा की त्याला! कशापायी मारता गरिबाला?"

कोणी हसलं नाही. क्रूसावर खिळा, असं म्हणायला कोणाचंच तोंड उघडेना. मी भालेरावांच्या शेजारीच उभी होते. पुढची ओळ त्यांचीच होती. ते त्या ओळीकडे बघत होते, मग त्या बाईकडे, परत ओळीकडे.

"भालेराव," फादर हळूच म्हणाले, "पुढे वाचा."

भालेरावांनी चष्मा काढला. "फादर, तुम्ही वाचा," ते म्हणाले, आणि खाली बसले.

पिलाताचं उरलेलं फादरांनीच वाचलं. माईकपासून जरा लांबूनच. मधेच होस्टेलची मुलगी दारात आली, तिनं आईला खूण केली, आणि ती बाई अर्ध्यातून उठून गेली.

विधी संपल्यावर आम्ही बाहेर आलो. फाटकाशी ती मायलेकींची जोडी दिंडोरी नाक्याकडे जायला रिक्षाची वाट बघत उभी होती. भालेराव दिसताच आई लगबगीनं पुढे आली.

"सायब, मला मधीच जावं लागलं. मंग काय झालं? सुटला का त्यो?"

भालेराव थांबले. मिशीवरून हात फिरवला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"सुटला बाई," ते म्हणाले. "रविवारी सकाळी सुटला."

"बरं झालं माय!" तिनं मोठा श्वास सोडला. "माझा जीव नुसता टांगनीला लागला व्हता."

रिक्षा आली. तिनं आधी गाठोडं आत टाकलं, मग मुलीचा हात धरला.

"चल गं. सुटला त्यो."